प्लँक : आधी कंबर, मग सेकंद

सकाळी नागपुरात फुटाळा तलावाच्या काठावर पाच-सहा जण ओळीने प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपर आणि चवड्यांवर शरीर एका रेषेत उचलून, धरून असतात. एकाच्या हातात मोबाइल असतो आणि तो जोरजोरात मोजत असतो : चाळीस, पन्नास, अजून दहा, सोडू नका! चाळीसपर्यंत सगळ्यांच्या पाठी सरळ असतात. पन्नासच्या आसपास कंबर झोळीसारखी खाली येऊ लागते, पण साठ पूर्ण झाल्याच्या आनंदात ते कुणाच्या लक्षात येत नाही. त्या शेवटच्या सेकंदांत पोटाने काम सोडलेलं असतं. शरीराचा भार कमरेचे मणके आणि त्यांना बांधणाऱ्या अस्थिबंधांवर टांगलेला असतो. दुसऱ्या दिवशी बाइकवरून उतरताना कंबर धरते आणि दोष प्लँकला लागतो.

प्लँकमध्ये काहीच हलत नाही, म्हणून तो सोपा वाटतो. खरं तर कंबर हलू न देणं हेच त्यातलं काम आहे. गुरुत्वाकर्षण शरीराचा मधला भाग जमिनीकडे ओढत असतं. पोटाचे, कुल्ल्याचे आणि मांडीचे स्नायू मिळून त्याला अडवून धरतात. भरलेलं गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचं असतं. ते सरकवताना किंवा उचलताना कंबर जागची हलू नये म्हणून पोट जसं आवळलं जातं, तीच ही ताकद. जोर मारणाऱ्यांना हा पवित्रा ओळखीचा असतो, आणि सूर्यनमस्कारात पाय मागे टाकून शरीर एका रेषेत आणतो ती स्थिती म्हणजे हात सरळ ठेवलेला प्लँकच. इथे मात्र कोपरांवरच्या प्लँकबद्दल बोलू, कारण त्यात मनगटांवर ताण येत नाही आणि पोटाला जास्त काम पडतं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. प्लँकने पोटावरची चरबी वितळत नाही. चरबी संपूर्ण शरीरातून कमी होते आणि ती मुख्यतः खाण्यावर आणि दिवसभराच्या हालचालीवर ठरते. प्लँकने मिळतं ते धडाचं बळ आणि कमरेवरचा ताबा.

जागा आणि वेळ

घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर घडी केलेली चादर घालू नका. कोपर दाबला की चादर सरकते, मग ती थांबवायला खांदे आवळले जातात आणि सगळी बैठक बिघडते. जाड सतरंजी किंवा ६ मिलिमीटरची योगा मॅट पुरते. मॅटवर घामाने हात घसरत असतील तर कोपरांखाली सुती टॉवेल पसरा. बागेत करायचं तर सपाट जागा बघा. पाय कोपरांपेक्षा उंचावर गेले तर व्यायाम अवघड होतो, खाली गेले तर सोपा, आणि उतारावर हे कळतही नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटींवर कोपर टेकवला तर कातडी सोलते आणि कोपराच्या आतून जाणारी नस दबते. करंगळीला मुंग्या येऊ लागल्या तर तेच झालं आहे असं समजा आणि कोपरांखाली मऊ घडी ठेवा.

आपल्या नागपुरात वेळेचा विचार करावाच लागतो. मेमध्ये पारा ४५ च्या घरात असतो आणि गच्चीचा स्लॅब दिवसभर तापून रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. गच्चीवर संध्याकाळचा व्यायाम त्या दिवसांत नकोच. त्या महिन्यात सूर्य साडेपाचच्या सुमाराला उगवतो, तेव्हा सहाच्या आत व्यायाम उरकायचा किंवा घरात कूलर लावून करायचा. कूलरचा गार झोत सरळ पाठीवर घेऊ नका, बाजूने येऊ द्या. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, संच निम्मे केले तरी काही बिघडत नाही. डोकं हलकं झालं, अंधारी आली तर तिथेच थांबून सावलीत बसा आणि पाणी प्या. डिसेंबर-जानेवारीत उलटं असतं. गारठ्यात खांदे आखडलेले असतात, म्हणून दहा मिनिटं चालून आणि हात गोल फिरवून मगच जमिनीवर या.

पोट भरलेलं नको. तर्री पोहे हाणून लगेच प्लँक धरला तर पोट आवळताच तर्री घशाशी येते. भरपेट जेवणानंतर तीन तास, हलक्या नाश्त्यानंतर दीड-दोन तास जाऊ द्या.

कुणी थांबावं

हर्निया असेल, पोटाचं ऑपरेशन किंवा सिझेरियन नुकतंच झालं असेल, गर्भारपण असेल, रक्तदाब औषधानेही आटोक्यात नसेल, कमरेतून पायात कळ जात असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका. बाळंतपणानंतर बायकांनी एक खूण आवर्जून बघावी : पोट आवळल्यावर बेंबीच्या वर-खाली मधोमध लांबट उंचवटा उभा राहतो का? राहत असेल तर पोटाचे मधले स्नायू अजून नीट जवळ आलेले नाहीत. जमिनीवरचा प्लँक सध्या बाजूला ठेवा आणि फिजिओथेरपिस्टकडून आधीच्या पायऱ्या शिकून घ्या.

बैठक कशी बांधायची

पालथे झोपा. कोपर खांद्यांच्या बरोबर खाली आणा. बहुतेक लोक ते नकळत पुढे, कानांच्या रेषेत ठेवतात. तिथे ठेवल्यास तरफ लांबते आणि ज्याचं पोट अजून तयार नाही त्याची कंबर लगेच खचते. दोन्ही कोपरांतून मुठींपर्यंतचे हात एकमेकांना समांतर असू द्या, रेल्वेच्या रुळांसारखे. हाताची बोटं एकमेकांत गुंतवली की कोपर बाहेर फाकतात आणि खांदे आत वळतात, त्यामुळे सुरुवातीला ती सवय नको. मुठी सैल वळा, अंगठे वर. मुठी घट्ट आवळल्या की ताण मानेत चढतो.

चवडे टेकवा. दोन्ही पायांत कमरेएवढं अंतर ठेवा. पाय जवळ आणले की तोल सांभाळणं कठीण होतं, ते नंतरसाठी राखून ठेवू. गुडघे अजून जमिनीवरच आहेत.

आता तो भाग, ज्यावर सगळं उभं आहे आणि जो घाईत सगळे वगळतात. गुडघे टेकलेले असतानाच पट्ट्याचं बकल हनुवटीकडे ओढल्यासारखं करा. कमरेची पोकळी कमी होईल, ओटीपोट आत-वर येईल आणि कुल्ले आपोआप आवळले जातील. हे समजत नसेल तर आधी उताणे झोपून करून पाहा. गुडघे वाकवा, कमरेखाली तळहात सरकवा आणि कमरेने तो हलकेच दाबा. तळहात दबला की जी हालचाल झाली तीच हवी आहे, फक्त आता पालथ्या स्थितीत. दोन-तीन दिवस एवढंच केलं तरी वेळ वाया जात नाही. ज्याला हे जमलं त्याचा प्लँक पहिल्या दिवसापासून बरा होतो, आणि ज्याला नाही जमलं तो तीन मिनिटं धरूनही कमरेनेच धरतो.

मग कोपरांनी जमीन खाली ढकला. छाती जमिनीपासून किंचित दूर जाईल आणि खांद्यांच्या दोन्ही पात्यांमधला खळगा भरून येईल. पाठीला कुबड काढायचं नाही, पातीचं हाड पंखासारखं बाहेर येणार नाही इतकंच. बगलेच्या खाली, बरगड्यांवर ताण जाणवला तर बरोबर आहे. खांदे कानांपासून लांब ठेवा.

आता एक गुडघा उचला, मग दुसरा. मांड्या इतक्या कसा की गुडघ्याच्या वाट्या वर ओढल्या गेल्या पाहिजेत. टाचा मागे रेटा. शेवटी कोपर जागचे न हलवता पायांकडे ओढण्याचा प्रयत्न करा, जणू मॅट मधोमध गोळा करायची आहे. काही हलणार नाही, पण पोट एकदम दगडासारखं होईल. हा एक क्षण ज्याने अनुभवला, त्याला पूर्वीचा एक मिनिटाचा प्लँक किती ढिला होता ते लगेच कळतं. असं पूर्ण ताणून धरलं तर दहा सेकंदही लांब वाटतात आणि नवख्यासाठी तेवढेच पुरेत.

नजर मुठींच्या मधे, मान पाठीच्या रेषेत. टायमरचा मोबाइल समोर भिंतीला टेकवून ठेवू नका. तो बघायला डोकं वर जातं आणि डोक्यामागोमाग कंबरही खोलगट होते. मोबाइल मुठींच्या मधे आडवा ठेवा. उन्हाळ्यात घामच तपासणीला येतो. नाकाच्या शेंड्यावरून पडणारा थेंब मनगटांच्या आसपास, मॅटच्या मधोमध पडायला हवा. थेंब मुठींच्या पुढे पडू लागले तर शरीर पुढे सरकलंय किंवा हनुवटी वर गेली आहे. एकाच बाजूला पडत असतील तर भार त्या कोपरावर झुकला आहे.

श्वास रोखू नका. बहुतेकांचा श्वास पहिल्या तीन सेकंदांतच अडकतो, कारण पोट आवळणं आणि श्वास कोंडणं या दोन गोष्टी आपण एकच समजतो. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब झपकन चढतो, चेहरा लाल होतो आणि कपाळाची शीर फुगते. नाकाने छोटा श्वास घ्या, तो बरगड्यांच्या बाजूंना जाऊ द्या, आणि ओठांच्या फटीतून फुंकर घातल्यासारखा सावकाश सोडा. दहा सेकंदांत असे दोन-तीन श्वास होतात. मोठ्याने अंक मोजलेत तर श्वास अडकत नाही. घरात एकट्याने करणाऱ्यासाठी हा सगळ्यात सोपा इलाज.

उतरताना धपकन पोटावर पडू नका. आधी एक गुडघा, मग दुसरा, मग कुल्ले टाचांवर नेऊन एक-दोन श्वास. लगेच ताडकन उभे राहू नका, चक्कर येऊ शकते.

काय बिघडतं आणि का

आरशात प्लँक तपासता येत नाही, कारण बघायला मान वळवली की रेष मोडते. पोछ्याचा दांडा घ्या आणि घरातल्या कुणालाही तो पाठीवर उभा ठेवायला सांगा. डोक्याची मागची बाजू, पात्यांमधली पाठ आणि माकडहाड, या तीन ठिकाणी दांडा टेकला पाहिजे. कमरेपाशी दांड्याखाली एखाद-दोन बोटं जातील एवढीच फट असावी. अख्खी मूठ जात असेल तर कंबर लोंबते आहे. दांडा डोक्याला टेकतच नसेल तर मान लटकली आहे. पाहायला कुणी नसेल तर मोबाइल पाच-सहा फुटांवर, जमिनीलगत, खुर्चीच्या पायाला टेकवून बाजूने व्हिडिओ काढा. कॅमेरा उंचावर असेल तर कंबर आहे त्याहून बरी दिसते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे लोंबती कंबर. पोट थकलं की ओटीपोटाचं हाड पुढे झुकतं, मांडी वर उचलणारे स्नायू कमरेच्या मणक्यांना पुढे ओढतात आणि मणक्यांचे मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे ते मांडीचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे त्यांची कंबर इतरांपेक्षा आधी खचते. त्यांनी प्लँकच्या आधी एक गुडघा टेकून, दुसरा पाय पुढे ठेवून, मागच्या जांघेचा ताण दोन्ही बाजूंनी तीस-तीस सेकंद काढावा आणि उताणे झोपून कुल्ले उचलण्याच्या दहा आवर्तनांनी कुल्ले जागे करावेत. कंबर एकदा खचली की ती मधेच वर ओढून वेळ पूर्ण करण्यात अर्थ नाही. थांबा, गुडघे टेका, दहा सेकंद विसावा घ्या आणि नव्याने बैठक बांधा.

याच्या उलट चूक म्हणजे तंबू. कंबर दुखू नये म्हणून लोक बुड वर नेतात. कमरेला त्रास होत नाही हे खरं, पण भार खांद्यांवर जातो आणि पोट सुटीवर. दहा सेकंदही रेष टिकत नसेल तर तंबू करण्यापेक्षा सोप्या पायरीवर उतरा.

खांदे कानांजवळ चढणं, पाय सैल पडून गुडघे वाकणं, ही लहान कारणं वाटतात, पण शेवट तोच होतो. साखळीतली एक कडी ढिली पडली की ओझं कमरेवर येतं.

थरथर होणं वाईट नाही. पोट आणि मांड्या थरथरत असतील आणि दांडा तीनही ठिकाणी टेकलेला असेल तर चालू द्या. दुसऱ्या दिवशी पोट, मांड्यांचा पुढचा भाग आणि बरगड्यांच्या बाजू जड वाटल्या तर काम योग्य जागी झालं. कमरेत टोचणं, खांद्यात खुपणं, पायात कळ किंवा मुंग्या, यांतलं काहीही झालं तर व्यायाम थांबवा. आठवडाभरात बरं वाटलं नाही तर दाखवून घ्या.

किती आणि किती दिवस

स्वयंपाकघराचा ओटा ही पहिली पायरी. साधारण अडीच-पावणेतीन फूट उंचीचा स्थिर ओटा असतो. त्याच्या काठावर कोपर ते मनगट टेकवा, पाय मागे न्या आणि वरची सगळी बांधणी तशीच करा. गॅस बंद आणि ओटा कोरडा असावा. साठीच्या पुढची माणसं आणि वजन जास्त असलेले लोक इथूनच सुरू करू दे, त्यात कमीपणा काहीच नाही. ओट्यावर दहा सेकंदांच्या सहा फेऱ्या स्वच्छ जमल्या की दिवाण किंवा पलंगाचा काठ, मग जमिनीवर गुडघे टेकून, मग पूर्ण. गुडघ्यांवरच्या प्लँकमध्येही बुड वर ठेवून चारपाई करायची नसते. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत एकच रेष.

पूर्ण प्लँकचं प्रमाण असं : पहिल्या संचात दहा सेकंदांच्या सहा फेऱ्या, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात दोन. दोन फेऱ्यांमधे गुडघे टेकून दहा सेकंद, दोन संचांमधे एक मिनिट. उतरता क्रम यासाठी की थकत जाल तसं काम कमी होतं आणि शेवटची फेरीही पहिल्यासारखीच राहते. मधल्या विश्रांतीसकट सगळं मिळून साडेपाच-सहा मिनिटं. आठवड्यातून तीन-चार दिवस, एकाआड एक. पहिले दोन आठवडे सेकंद वाढवू नका. मग दहाचे बारा, पंधरा, वीस, दर आठवड्याला एवढंच.

सलग तीस सेकंद, तीन वेळा, दांडा न हलता जमले की वेळ वाढवणं थांबवा. चेक प्रजासत्ताकाच्या योसेफ शालेकने २०२३ मध्ये साडेनऊ तासांहून जास्त वेळ प्लँक धरून जागतिक विक्रम केला. ती सहनशक्तीची गोष्ट वेगळी, आणि तिच्याबद्दल आदरच आहे. तुमच्या कमरेला मात्र तीस सेकंदांनंतर आणखी तीस मिळवण्यापेक्षा त्याच तीसमध्ये जास्त काम मिळालं तर फायदा होतो. आधी पाय जवळ आणा. नंतर कोपर दोन बोटं पुढे सरकवा. त्यानंतर एक पाय जमिनीपासून चार बोटं उचला, पाच सेकंद धरा, पाय बदला. पाय उंच उचलण्याचा मोह होतो, पण चार बोटांच्या वर गेला की कंबर वळते.

या टप्प्यावर आडवा प्लँकही जोडा, कारण लेकराला किंवा भाजीची जड पिशवी एका बाजूला घेताना जे स्नायू लागतात ते सरळ प्लँकमध्ये अर्धवटच कामाला लागतात. कुशीवर झोपा, कोपर खांद्याखाली, गुडघे वाकवून एकावर एक. कंबर उचलून खांदा, कुल्ला आणि गुडघा एका रेषेत आणा. दोन्ही बाजूंनी दहा सेकंदांच्या चार फेऱ्या. जमू लागलं की पाय सरळ करा आणि वरचा पाय खालच्या पायाच्या पुढे टेकवा. खालचा खांदा कानात घुसतो आहे का आणि वरचा कुल्ला मागे कलंडतो आहे का, एवढं तपासा. डावी बाजू उजवीपेक्षा लवकर थकत असेल तर दोन्ही बाजूंच्या फेऱ्या डावीच्या क्षमतेवर बेता आणि सुरुवात डावीपासून करा.